भिंत जाते, मूळ राहते : रुजलेला वेली गुलाब हलवण्याचा इतिहास

(१) भिंत जुनी झाली आहे आणि ती पाडावी लागणार आहे. पण तिच्यावर पंधरा-वीस वर्षांपासून एक वेली गुलाब चढलेला आहे. त्याचा बुंधा मनगटाएवढा झाला आहे, फांद्या छपराला टेकल्या आहेत. तो तोडायचा, की मुळासकट उचलून दुसरीकडे लावायचा? बागेतल्या या साध्या प्रश्नामागे सुमारे साडेतीन हजार वर्षांचा इतिहास उभा आहे. त्या इतिहासाचा हा थ्रेड.

(२) आधी अडचण समजून घ्यावी लागते. प्रौढ झाडाची जाड मुळे त्याला धरून ठेवतात. पाणी शोषण्याचे काम मात्र टोकांकडची केसासारखी बारीक मुळे करतात. ती बुंध्यापासून दूर पसरलेली असतात. कुदळीचा घाव नेमका त्यांच्यावर पडतो. वर पाने पूर्वीइतकेच पाणी हवेत सोडत राहतात आणि खाली पाणी पुरवणारा हात तुटलेला असतो. स्थलांतराची प्रत्येक पद्धत ही या तुटीवर शोधलेली तोड आहे.

(३) सर्वांत जुने चित्र इजिप्तमधले. राणी हत्शेपसुतने इसवी सनापूर्वी १५ व्या शतकात तांबड्या समुद्रमार्गे पुंट नावाच्या देशाकडे जहाजे पाठवली. देर अल-बहरी येथील तिच्या मंदिराच्या भिंतींवर ही मोहीम कोरलेली आहे. त्यात माणसे खांद्यावरच्या दांड्याला टांगून धुपाची जिवंत झाडे जहाजावर चढवताना दिसतात. शिलालेखात अशा ३१ झाडांची नोंद आहे.

(४) त्या शिल्पातला महत्त्वाचा तपशील झाडाच्या बुडाशी आहे. मुळे उघडी नाहीत. ती टोपलीत आहेत. म्हणजे झाड हलवायचे तर त्याच्यासोबत त्याची थोडी जमीनही न्यावी लागते, हे त्या कारागिरांना ठाऊक होते. आज रोपवाटिकेत गोणपाटात बांधलेला मातीचा गड्डा दिसतो, तो याच टोपलीचा वंशज.

(५) गुलाबाकडे यायचे तर ग्रीसला जावे लागते. अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य आणि त्याच्या विद्यापीठाचा उत्तराधिकारी थिओफ्रास्टस याने इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकात वनस्पतींवर ग्रंथ लिहिले. फिलिपी नगरीचे लोक पँजिअस डोंगरावरचे पुष्कळ पाकळ्यांचे गुलाब उपटून आणतात आणि आपल्या बागेत लावतात, अशी नोंद त्याने केली आहे. रानातला रुजलेला गुलाब बागेत हलवण्याचा हा फार जुना लेखी दाखला आहे.

(६) थिओफ्रास्टस पुढे आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ती आजच्या वाचकाला चकित करील अशी आहे. गुलाब छाटला किंवा जाळला तर तो अधिक जगतो व अधिक फुलतो. तसाच सोडला तर नुसते लाकूड वाढते. गुलाब वारंवार दुसरीकडे लावावा, त्याने फुले सुधारतात, असेही लोक म्हणतात असे तो नोंदवतो. त्याचा गुलाब झुडपाचा होता, भिंतीवर चढणारा नव्हता. तरीही छाटणी आणि स्थलांतर ही जोडी त्याच्याकडे एकत्र आलेली दिसते.

(७) झाड नव्या जागी लावताना त्याची दिशा पूर्वीचीच ठेवावी, हा सल्लाही थिओफ्रास्टसच्या ग्रंथात आहे. पुढे रोमन कवी व्हर्जिल आपल्या शेतीविषयक काव्यात सांगतो की काळजी घेणारे शेतकरी झाडाच्या सालीवर खूण करून ठेवतात; दक्षिणेचे ऊन ज्या बाजूने सोसले ती बाजू पुन्हा दक्षिणेलाच यावी म्हणून. सावलीत वाढलेली साल एकदम उन्हात आली तर करपते, एवढा व्यवहार त्यामागे आहे.

(८) भारतात याच विषयाला ‘वृक्षायुर्वेद’ हे नाव मिळाले. ६ व्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त त्यावर एक अध्याय लिहिला. ज्योतिषाच्या ग्रंथात झाडांचा अध्याय का, तर उत्तर सोपे आहे: लावणीचा प्रश्न हा मुळात काळाचा प्रश्न आहे. वराहमिहिर तीन वेळा सांगतो. ज्यांना फांद्या फुटलेल्या नाहीत अशी झाडे शिशिरात, फांद्या फुटलेली हेमंतात आणि मोठ्या खोडाची पावसाळ्याच्या आरंभी लावावीत.

(९) झाडाच्या वयानुसार ऋतू बदलणे ही मोठी समज आहे. मोठ्या खोडाच्या झाडाला भरपूर पाने असतात, म्हणून त्याला दमट हवा आणि ओली जमीन देणारा काळ हवा. त्याच अध्यायात स्थलांतरासाठी लेपही दिला आहे. तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध आणि शेण यांचा लेप मुळापासून खोडापर्यंत द्यावा आणि मग झाड हलवावे. तूप-मध आज कोणी वापरत नाही. पण रोपाची मुळे शेणकाल्यात बुडवून लावण्याची रीत महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला परकी नाही. मुळे वाऱ्यावर सुकू द्यायची नाहीत, हे मर्म दोन्हीकडे एकच.

(१०) १७ व्या शतकात ही विद्या राजसत्तेच्या हाती खेळणे म्हणून आली. डच सरदार योहान मॉरिट्स १६३७ ते १६४४ या काळात ब्राझीलच्या डच वसाहतीचा प्रमुख होता. त्याने रेसिफे येथे फ्रायबुर्ग नावाचा वाडा बांधला आणि त्याच्या बागेत पूर्ण वाढलेले शेकडो माड गाड्यांवर घालून आणवले. माड जगले. समकालीनांनी ही नवलाची गोष्ट म्हणून लिहून ठेवली.

(११) कोकणातल्या वाचकाला हे नवल कमी वाटेल. माडाला एक सोटमूळ नसते; बुंध्यापासून दोरीसारख्या असंख्य मुळांचा झुबका निघतो आणि नवी मुळे सतत फुटत राहतात. त्यामुळे माड हलवणे तुलनेने सोपे. गुलाबाची मुळे लाकडी, लांब आणि मोजकी असतात. एका झाडावरचा धडा दुसऱ्याला तसाच लागू होत नाही, हे राजांना मात्र उशिरा उमगले.

(१२) फ्रान्सचा राजा चौदावा लुई याला मार्ली येथील बागेत झाडे वाढण्याची वाट पाहायची नव्हती. काँपिएन्यच्या अरण्यातून आणि त्याहूनही दुरून मोठमोठी झाडे उचलून आणली गेली. दरबारी साँ-सिमों आपल्या आठवणींत लिहितो की त्यातली तीन चतुर्थांश मेली आणि लगेच त्यांच्या जागी दुसरी लावली गेली. बाग हिरवी दिसत राहिली, कारण मेलेली झाडे दिसण्याआधीच हलवली जात.

(१३) महाराष्ट्रातल्या शहरांत रस्ता किंवा मेट्रोच्या कामात ‘वृक्षांचे पुनर्रोपण’ हा शब्द वारंवार ऐकू येतो. मार्लीचा हिशेब त्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखा आहे. झाड उचलून नेले याचा अर्थ झाड वाचले असा होत नाही. खरा निकाल लावणीच्या दिवशी लागत नसतो. तो दोन-तीन वर्षांनी लागतो.

(१४) त्याच शतकात इंग्लंडमध्ये जॉन एव्हलिनने १६६४ साली ‘सिल्व्हा’ हा वृक्षांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातली एक युक्ती थंड देशातच सुचावी अशी आहे. कडाक्याची थंडी पडण्याआधी झाडाभोवती चर खणायचा, मुळांखालची माती पोखरायची आणि मग पाणी घालून वाट पाहायची. रात्रीच्या गारठ्यात माती आणि मुळे मिळून दगडासारखा एकच गोळा होतो. तो गोळा न फुटता उचलता येतो.

(१५) पण झाड हलवल्यावर कोमेजते का, याचे मोजमापाने उत्तर दिले ते स्टीफन हेल्सने. तो टेडिंग्टन गावचा पाद्री होता. १७२७ सालच्या आपल्या ग्रंथात त्याने सूर्यफुलाचा प्रयोग मांडला. साडेतीन फूट उंचीचे कुंडीतले सूर्यफूल रोज वजन करून पाहिले, तेव्हा दिवसाच्या १२ तासांत ते सरासरी २० औंस, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे अधिक पाणी हवेत सोडत असल्याचे दिसले. आकारमान सारखे धरले तर हे प्रमाण माणसाच्या घामाच्या १७ पट होते.

(१६) हेल्सच्या तराजूने माळ्यांच्या जुन्या सवयींना कारण दिले. मुळे तोडली तर पानेही कमी करा, किंवा पाने नसतानाच झाड हलवा. थंड देशांतला गुलाब हिवाळ्यात पाने गाळून झोपतो. म्हणून तिथे नोव्हेंबर ते मार्च हा हलवण्याचा काळ. महाराष्ट्रात गुलाबाला अशी गाढ झोप नसते. इथे पावसाळ्यातली दमट हवा किंवा थंडीची सुरुवात हाच आधार. वराहमिहिराचा पावसाळा आणि इंग्रज माळ्याचा हिवाळा एकाच गणिताची दोन उत्तरे आहेत.

(१७) १९ व्या शतकात मात्र या गणितावर भांडण झाले. स्कॉटलंडमधील अ‍ॅलंटनचा जमीनदार सर हेन्री स्टुअर्ट याने प्रौढ झाडे हलवण्यावर ग्रंथ लिहिला आणि १८२८ मध्ये खुद्द कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने त्याचे परीक्षण केले. स्टुअर्टचा शेंडा छाटण्याला विरोध होता. मुळे तोडू नका, माती हळूहळू मोकळी करून ती पूर्ण लांबीने सोडवा. मग डोक्यावर कुऱ्हाड घालण्याची वेळच येणार नाही, असा त्याचा आग्रह.

(१८) दुसरी बाजू विल्यम बॅरन या माळ्याची. डर्बीशरमधील एल्व्हास्टन कॅसलच्या बागेत त्याने मोठमोठी झाडे मातीच्या गोळ्यासकट हलवून नाव कमावले. १८८० मध्ये डोव्हरजवळच्या बकलंड गावात चर्चचा विस्तार करायचा होता आणि वाटेत शतकानुशतके जुना यू वृक्ष उभा होता. बॅरनने मुळांभोवतीची ५० टनांहून अधिक वजनाची माती फळ्या-साखळ्यांनी बांधली आणि तो वृक्ष सुमारे ६० फूट सरकवला. वृक्ष जगला, आणि इमारतही वाढली.

(१९) आता पुन्हा गुलाबाकडे. आजच्या वेली गुलाबांचे बरेचसे रक्त चीनमधून आले. १८०७ मध्ये विल्यम केरने कँटनहून क्यू उद्यानात पाठवलेल्या पांढऱ्या वेली गुलाबाला सर जोसेफ बँक्सच्या पत्नीचे नाव मिळाले: लेडी बँक्स. पण समुद्रप्रवास सहा-सहा महिन्यांचा. खारे वारे आणि गोड्या पाण्याची टंचाई यांत बहुतेक रोपे वाटेतच मरत.

(२०) उपाय एका डॉक्टरच्या बाटलीत सापडला. १८२९ मध्ये लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्डने पतंगाचा कोश पाहण्यासाठी बंद बाटलीत ओली माती ठेवली होती. तिच्यात नेचे उगवले आणि पाणी न घालता वाढत राहिले. मातीतले पाणी वाफ होऊन काचेवर जमत होते आणि पुन्हा मातीत उतरत होते. १८३३ मध्ये त्याने काचेच्या बंद पेट्यांतून सिडनीला झाडे पाठवली आणि ती जिवंत पोहोचली. हेल्सने मोजलेली गळती वॉर्डने काचेत कोंडली.

(२१) या पेट्या घेऊन १८४३ मध्ये रॉबर्ट फॉर्च्यून चीनला गेला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीसाठी चिनी चहाची रोपे हिमालयात आणणारा तो हाच. निंगबो शहरातल्या एका बागेत मे महिन्याच्या सकाळी त्याला दूरची एक अख्खी भिंत पिवळ्या फुलांनी झाकलेली दिसली. जवळ गेल्यावर कळले की तो वेली गुलाब आहे, आणि पिवळ्यात तांबूस छटा मिसळलेल्या आहेत. त्याची रोपे १८४५ च्या सुमारास इंग्लंडला पोहोचली आणि ‘फॉर्च्यून्स डबल यलो’ हे नाव रूढ झाले.

(२२) रोप पोहोचले, पण निंगबोची भिंत पोहोचली नाही. हा गुलाब वर्षातून एकदाच आणि जुन्या लाकडावर फुलतो. इंग्रज माळी त्याला इतर गुलाबांसारखे दरवर्षी छाटत राहिले. फुले धरणाऱ्या फांद्याच कापल्या जात होत्या. त्यात थंडीही त्याला मानवेना. त्यामुळे सुरुवातीला त्याची उपेक्षाच झाली. चूक प्रवासात झाली नव्हती. झाडासोबत त्याच्या सवयींची माहिती आली नव्हती.

(२३) भारतातल्या एका वेली गुलाबाची गोष्टही अशीच. १८८२ मध्ये जॉर्ज वॅटला मणिपूरच्या डोंगरांत मोठमोठ्या झाडांवर चढणारा, तळहाताएवढ्या फुलांचा रानगुलाब दिसला. १८८८ मध्ये हेन्री कॉलेटला तो ब्रह्मदेशातील शान डोंगरांत आढळला आणि त्याला ‘रोझा जायगँशिया’, म्हणजे महाकाय गुलाब, हे नाव मिळाले. उत्तर युरोपच्या थंडीत तो रमला नाही. लिस्बनच्या उबदार हवेत मात्र आँरी केयू याने २० व्या शतकाच्या आरंभी त्याच्यापासून ‘बेल पोर्तुगेज’ हा वेली गुलाब घडवला. मणिपूरच्या वेलीला युरोपात घर मिळाले ते पोर्तुगालमध्ये.

(२४) या सगळ्या अनुभवाचा अर्क आजच्या माळ्याच्या कृतीत दिसतो. वेली गुलाबाला द्राक्षासारखे ताणे नसतात; तो काट्यांच्या आधाराने आणि माणसाने बांधलेल्या दोऱ्यांनी चढतो. म्हणून पहिले काम दोऱ्या सोडवण्याचे. मग जुन्या, वाळक्या फांद्या मुळाशी काढायच्या. चार-पाच जोमदार फांद्या ठेवून त्याही आखूड करायच्या. एकदाच फुलणारा गुलाब असेल, तर पुढच्या हंगामाची फुले गेली असे समजूनच कात्री चालवायची.

(२५) नवा खड्डा आधी तयार हवा, आणि तो जुन्या गुलाबाच्या जागी नको. एकाच मातीत गुलाबामागून गुलाब लावला तर दुसरा खुरटतो. आदल्या दिवशी भरपूर पाणी द्यायचे. बुंध्यापासून शक्य तितक्या दूर गोल चर खणायचा, जाड मुळे चिरफाळू न देता स्वच्छ कापायची, गड्ड्याखाली गोणपाट सरकवून तो उचलायचा. लावल्यावर माती दाबून पाणी द्यायचे आणि पहिले वर्षभर त्याला तहान लागू द्यायची नाही. टोपली इजिप्तची, लेप वराहमिहिराचा, हिशेब हेल्सचा.

(२६) छाटणीचा हा धीर येतो कुठून? उत्तर जर्मनीतील हिल्डेसहाइम येथे मिळते. तिथल्या कॅथेड्रलच्या मागच्या अर्धगोल भिंतीवर सुमारे १० मीटर उंच रानगुलाब चढलेला आहे. दंतकथा त्याला ८१५ सालापर्यंत नेते. सम्राट लुईने या गुलाबावर मेरीच्या पवित्र अवशेषांची पेटी टांगली. ती नंतर निघेना, म्हणून तिथेच देऊळ बांधले, अशी ती कथा. ‘हजार वर्षांचा गुलाब’ हे त्याचे लोकांतले नाव.

(२७) २२ मार्च १९४५ रोजी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी हिल्डेसहाइमवर बाँब टाकले. कॅथेड्रल कोसळले, भिंत ढासळली, गुलाब जळाला आणि ढिगाऱ्याखाली गाडला गेला. काही आठवड्यांनी त्या ढिगाऱ्यातून हिरवे कोंब वर आले. फांद्या गेल्या होत्या. मूळ जिवंत होते. कॅथेड्रल पुढे पुन्हा बांधले गेले, १९८५ मध्ये ते जागतिक वारसा ठरले, आणि गुलाब आजही त्याच भिंतीवर आहे.

(२८) या गोष्टीला एक शेपूट आहे, आणि माळ्याने ते विसरू नये. हिल्डेसहाइमचा गुलाब ‘रोझा कनायना’ जातीचा, स्वतःच्या मुळावर उभा. बाजारातले बहुतेक गुलाब तसे नसतात. रानटी खुंटावर डोळा भरून ते तयार होतात. असा गुलाब जमिनीपर्यंत जळला किंवा मेला, तर खालून फुटणारा कोंब त्या गुलाबाचा नसतो, खुंटाचा असतो. युरोपात या कामी सर्वाधिक वापरलेल्या खुंटांपैकी एक कोणता? हीच ‘रोझा कनायना’.

(२९) म्हणून कलमी वेली गुलाब हलवताना डोळा भरलेली गाठ हेच त्याचे हृदय मानावे लागते. तिच्या वर काही फांद्या जिवंत राहिल्याच पाहिजेत. गाठीखालून फुटलेला जोमदार कोंब पाहून ‘गुलाब जगला’ असा आनंद अनेकदा होतो. दोन वर्षांनी भिंतीवर पाच पाकळ्यांची साधी रानफुले येतात आणि मग कळते की वाचला तो दुसराच.

(३०) हत्शेपसुतच्या टोपलीपासून हिल्डेसहाइमच्या ढिगाऱ्यापर्यंत प्रश्न तोच राहिला: जागा बदलताना काय सोबत न्यायचे आणि काय सोडून द्यायचे. लुईने दिसणारा डोलारा नेला आणि झाडे गमावली. बॅरनने माती नेली आणि यू जगला. इंग्रज माळ्यांकडे गुलाब आला, त्याची सवय आली नाही. पाडायच्या भिंतीवरचा गुलाब हलवणाऱ्याने कात्री हातात घेण्याआधी एकदा खाली वाकून बुंध्याशी माती उकरावी, गाठ कुठे आहे ते पाहावे, आणि मगच ठरवावे.